मधल्या खुर्चीतला डबा

बेसबॉलच्या मैदानातल्या आमच्या स्टँडमध्ये व्हर्ना सबोलबद्दल कोणालाही विचारा. तो आधी तिच्या अक्रोडाच्या कुकीजबद्दल सांगेल आणि मग आवाज खाली आणून दुसरी गोष्ट सांगेल. दुसरी गोष्ट अशी, की एका रविवारी, भरल्या मैदानात, जे बोलायचं नसतं ते ती बोलून गेली होती.

मी ऑगी. नदीवर कोळशाने भरलेल्या सपाट नावा ढकलणाऱ्या बोटीवर माझं आयुष्य गेलं. आता उन्हाळाभर बेसबॉल बघतो आणि हिवाळाभर उन्हाळ्याची वाट बघतो. पिट्सबर्गमध्ये अशी माणसं पुष्कळ आहेत, त्यामुळे कोणी नावं ठेवत नाही. माझी कायमची खुर्ची तिसऱ्या बेसच्या बाजूला, वरच्या मजल्यावर. तिथून मैदान दिसतं, मैदानापलीकडे नदी, नदीवरचा पिवळा पूल, आणि पुलापलीकडे शहराच्या उंच इमारती. माझ्या पुढच्या ओळीतल्या तीन खुर्च्या सबोल कुटुंबाच्या. डावीकडे व्हर्ना, उजवीकडे तिचा थोरला भाऊ सिरिल, आणि मधली त्यांच्या वडिलांची. वडील जाऊन कितीतरी उन्हाळे झाले, पण मधली खुर्ची दोघांनी सोडली नाही. तिच्यावर व्हर्नाचा कुकीजचा डबा असतो.

आणि हे भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नाहीत. जे काय बोलायचं ते माझ्यामार्फत.

"ऑगी, तिला सांग, पिशवी माझ्या पायात येतेय."

"ऑगी, त्याला म्हणावं, पाय आवर. पिशवी आधीपासून इथेच आहे."

दोघांच्या मध्ये अंतर एका खुर्चीचं. दोघांनाही सगळं ऐकू येतं. तरी मी आपला इमानेइतबारे निरोप पोचवायचो, कारण नाही पोचवला तर दोघंही मागे वळून माझ्याकडेच रागाने बघायची. पोस्टमनला निदान पेन्शन तरी असते.

व्हर्नाने जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं. आमच्या खोऱ्यातली दोन पिढ्यांची पोरं तिच्या हातचं जेवून मोठी झाली. अजूनही तिकिटाच्या रांगेत एखादा टक्कल पडलेला गृहस्थ तिला बघून आपोआप ताठ उभा राहतो. पण तिचं खरं नाव झालं ते लग्नांमुळे. आमच्याकडे लग्नातला केक फोटोपुरता असतो. लोक येतात ते कुकीजच्या टेबलासाठी. मावश्या, आत्या, शेजारणी महिनाभर आधीपासून भाजायला बसतात, आणि त्या टेबलावर सबोलांच्या अक्रोडाच्या कुकीज नसल्या तर लोक म्हणतात, लग्न जरा गडबडीत उरकलं. नवरी कशी दिसत होती हे विसरून जातात. टेबलावर काय काय होतं ते मात्र नातवंडांना सांगतात.

तिने स्वतः लग्न केलं नाही. "दुसऱ्यांच्या लग्नात इतकं लोणी फेटलं की माझा हात धरायला कोणी आलं तेव्हा तो लोण्यात होता," असं ती सांगते. सांगताना मान खाजवते. मागे बसून बसून मला कळलंय की ती खोटं बोलताना मान खाजवते. खरं असं, की घरी पपा होते. आई लवकर गेली, सिरिल लग्न करून समोरच्या टेकडीवर राहायला गेला, आणि पपांचं करायला व्हर्ना राहिली. तिने कधी तक्रार केली नाही, पण तिला वाईट वाटलं नसेल असं मी म्हणणार नाही.

पपा पोलादाच्या कारखान्यात होते. तिथल्या घणांनी त्यांचे कान गेले. मैदानात त्यांना एवढंच ऐकू यायचं, की लोक ओरडतायत. कोणासाठी ओरडतायत ते व्हर्ना त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगायची. त्यामुळे सामना सगळ्या स्टँडला दोनदा कळायचा, एकदा डोळ्यांनी आणि एकदा व्हर्नाच्या तोंडून.

आता त्या न बोलायच्या गोष्टीबद्दल. पिचर चेंडू फेकतो, बॅटर तो टोलवून पळत बेस, म्हणजे मैदानातला पुढचा थांबा, गाठतो, त्याला हिट म्हणतात. अख्ख्या सामन्यात, नऊच्या नऊ डावांत, पिचरने समोरच्यांना एकही हिट मिळू दिला नाही असं फार क्वचित घडतं. माणसं जन्मभर मैदानात येतात आणि ते न बघताच जातात. आणि ते घडत असताना त्याबद्दल अवाक्षर काढायचं नसतं. पाचव्या-सहाव्या डावात लोकांच्या लक्षात येऊ लागतं. मग कोणी उगाच हवापाण्याबद्दल बोलतं, कोणी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतं. संघातले खेळाडू त्या पिचरच्या शेजारी बसत नाहीत. तो बाकाच्या टोकाला एकटा बसतो, घरात सोवळ्यातलं माणूस बसावं तसा. बोललं की दृष्ट लागते. शिकलेले, न शिकलेले, चर्चमध्ये जाणारे, न जाणारे, सगळे हे पाळतात.

पपांनी आयुष्यभर असा एक सामना बघायची वाट पाहिली होती. तो रविवार त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यातला. हॉलिस नावाचा आमचा पिचर त्या दिवशी असा काही फेकत होता की समोरचे बॅटर झोपेतून उठवल्यासारखे दिसत होते. आठवा डाव लागला. मैदान इतकं शांत झालं की नदीवरच्या बोटीचं इंजिन ऐकू येत होतं. आणि पपांचा डोळा लागला होता. ऊन, वय, दुपारचं जेवण, काहीही म्हणा. व्हर्नाला राहवलं नाही. ज्याची त्यांनी जन्मभर वाट पाहिली ते झोपेत निघून जाणार, हे तिला बघवेना. तिने त्यांना हलवलं, आणि सवयीने, बहिऱ्या माणसाला सांगायच्या आवाजात म्हणाली, "पपा, बघताय ना? अजून एकही हिट नाही."

सगळ्या स्टँडने ते ऐकलं. पुढच्याच चेंडूवर हिट गेला. दोन खेळाडूंच्या मधोमध, गवतावर मऊ पडला.

पपा जागे झाले आणि त्यांनी विचारलं, "काय झालं?" कोणीच सांगितलं नाही. व्हर्ना सिरिलकडे बघून हळूच म्हणाली, "हात थकला होता रे पोराचा." सिरिलचे कान लालबुंद झाले. तो काहीच बोलला नाही. त्या वर्षी पानगळीत पपा गेले, त्यांना हवा होता तो सामना न बघता, आणि सिरिलचं ते न बोलणं तसंच राहिलं. लोकांना वाटतं, एका चेंडूवरून एवढं? पण ते चेंडूवरून नव्हतंच. बाप गेल्यावर कोणावर तरी रागवावं लागतं, आणि बहीण शेजारीच होती.

स्टँडने तिला माफ केलं, पण चिडवायचं सोडलं नाही. सामना जरा रंगात आला की मागून कोणीतरी म्हणायचं, "व्हर्ना, तोंडात कुकी ठेव." तीही खरंच ठेवायची.

यंदा जुलैमध्ये कळलं की सिरिल चालला. त्याची मुलगी दूर वाळवंटातल्या टुसॉनला असते. आमचं गाव डोंगरउतारावरचं. इथे कित्येक गल्ल्या म्हणजे नुसते जिने आहेत, आणि सिरिलच्या गुडघ्यांनी जिन्यांशी भांडण काढलं. घर विकलं. वाळवंटात सगळं सपाट असतं म्हणे. ऑगस्टमधला एक रविवारचा सामना त्याचा शेवटचा ठरला.

त्या दिवशी मी पुलावरून चालत निघालो होतो. सामना असला की पूल गाड्यांना बंद असतो आणि माणसं रस्ताभर पसरून चालतात, कोणाला काही घाई नसल्यासारखी. पाण्यावर ऊन सांडलं होतं. शेंगदाण्याच्या गाड्यांवरून खमंग वास येत होता. व्हर्ना कठड्याला टेकून माझी वाट बघत उभी होती. एरवी ती आणि सिरिल एकाच बसने येतात, ती पुढच्या बाकावर आणि तो मागच्या. आज ती लवकर आली होती.

"ऑगी," ती म्हणाली, "जायच्या आधी तो एकदा माझ्याशी बोलला पाहिजे."

"काय बोलला पाहिजे?"

"काहीही. शिवी दिली तरी चालेल. पण माझ्याकडे बघून. तुझ्या टकलाकडे बघून नव्हे."

"तू आधी बोल की."

"मी बोलले होते. पपांच्या दफनाच्या दिवशी. नाताळात. त्याची बायको गेली तेव्हा त्याच्या दारात रात्र होईपर्यंत उभी होते. आता माझी बोलायची पाळी संपली." तिने डबा छातीशी धरला. "पण आज नाही बोलला तर काय? टुसॉनहून निरोप आणायला तू तिथे थोडाच असणार आहेस?"

मी म्हणालो, बघू. दुसरं काय म्हणणार होतो?

आमच्या स्टँडला टॉलिव्हर नावाचा म्हातारा खुर्च्या दाखवायला असतो. त्याने फडक्याने तिन्ही खुर्च्या पुसल्या, मधलीसुद्धा. सिरिल आला, कठडा धरधरून, एकेका पायरीवर थांबत. बसला. डब्याकडे त्याने बघितलं नाही. इतक्या उन्हाळ्यांत त्या डब्यातली एकही कुकी त्याने खाल्ली नव्हती, आणि इतक्या उन्हाळ्यांत एकदाही व्हर्नाने डबा त्याच्या बाजूला उघडायचा सोडला नव्हता.

"ऑगी, तिला सांग, डब्यावर ऊन येतंय. लोणी वितळेल."

मी सांगितलं. व्हर्नाने डबा सावलीत सरकवला. मला वाटलं, आजही असंच जाणार.

पण काय दुपार होती ती. अशा दुपारी मैदानात बसलं की वेळ कुठे जातो कळत नाही. हिरवळ नुकती धुतल्यासारखी दिसत होती. वरच्या छताची सावली गवतावरून सरकत सरकत पहिल्या बेसकडे चालली होती आणि तिच्याकडे बघता बघता माझे डोळे जड होत होते. बॅटचा आवाज आमच्यापर्यंत जरा उशिराच पोचतो. चेंडू आधी उडालेला दिसतो, टोला मग ऐकू येतो. मला नेहमी वाटतं, मधल्या त्या रिकाम्या जागेत आमच्या गावचे मेलेले सगळे बसलेले असतात. माझा बाप, व्हर्नाचे पपा, बोटीवरचे माझे सोबती. कोणी काही मागत नाही. नुसते बघत असतात.

आमचा पिचर होता एलिसेओ. नवा पोरगा, दूर दक्षिणेतल्या बेटावरचा, बारीक, लांब हातांचा. हातातून सुटल्यावर मन बदलावं तसा त्याचा चेंडू वळत होता. पाचव्या डावानंतर पिएरोगींची शर्यत झाली. पिएरोगी म्हणजे बटाट्याचं सारण भरलेली उकडलेली करंजी. आमच्याकडे माणसं तिचे भलेमोठे वेष चढवून मैदानभर पळतात आणि मोठी माणसंदेखील त्यांच्या नावाने ओरडतात. त्या दिवशी ओरडा जरा कमी झाला. मी फलकाकडे बघितलं आणि मला कळलं. समोरच्यांच्या हिटच्या रकान्यात शून्य होतं.

मग बुटांच्या नाड्या सुटू लागल्या. माझ्या शेजारचा गृहस्थ अचानक मला त्याच्या मेव्हण्याच्या छपराबद्दल सांगू लागला. टॉलिव्हर फडकं हातात धरून जिथे होता तिथेच उभा राहिला, कारण जागा बदलणंही बरं नव्हे. सातव्या डावाच्या मध्ये सगळे उठून गातात, तसे गायले, पण दबकत. आणि मग एकेकाची नजर व्हर्नाकडे वळू लागली.

"व्हर्ना," मागून कोणीतरी कुजबुजलं, "कुकी."

तिने एक तोंडात ठेवली. चावली नाही. मग त्यावर रुमाल धरला. मला मागून तिचे खांदे दिसत होते. थरथरत होते, हसण्याने की कशाने कळेना. मला तिच्याबद्दल फार वाईट वाटलं. भावाची शेवटची दुपार, आणि हिने तोंड उघडायचं नाही. तो बोलला असता तरी ही उत्तर काय देणार होती? दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, इथे तर दैवाने द्यायच्या आधीच हिच्या तोंडात कुकी कोंबली होती.

आठवा डाव. मैदान पुन्हा तसं शांत झालं. नदीवर एक बोट चालली होती, मी ज्या बोटींवर काम केलं तसलीच, आणि तिचं इंजिन ऐकू येत होतं. एलिसेओने एकाला बाद केलं. दुसऱ्यालाही केलं. पपांना हवं होतं ते सगळं मैदानावर पुन्हा मांडून ठेवल्यासारखं होतं. सिरिल पुढे वाकून बघत होता. त्याचे कान लाल नव्हते. पांढरे पडले होते.

मग तो उठला. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. मला वाटलं, याला ताण सोसवत नाही, हा आत जाणार. त्याने वाकून मधल्या खुर्चीवरचा डबा उचलला. आणि पपांच्या खुर्चीत बसला. डबा मांडीवर घेतला. त्या खुर्चीत इतक्या वर्षांत कोणी बसलं नव्हतं. व्हर्ना त्याच्याकडे बघत राहिली, तोंडावर रुमाल तसाच.

सिरिल तिच्याकडे वळला. तिच्या डोळ्यांत बघून, पपांना ऐकू गेलं असतं एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाला, "व्हर्ना, बघतेयस ना? अजून एकही हिट नाही."

सगळा स्टँड एकदम श्वास घेऊन थांबला. टॉलिव्हरच्या हातातून फडकं पडलं. माझ्या शेजारच्याने मेव्हण्याचं छप्पर अर्ध्यावर सोडलं. आमच्याकडे असं चुकून कोणी बोलत नाही. व्हर्नादेखील त्या दिवशी चुकून बोलली नव्हती, पपांसाठी बोलली होती, आणि हे मला इतक्या वर्षांनी त्या क्षणी कळलं.

एलिसेओने चेंडू फेकला. आधी चेंडू दिसला, उजवीकडे, नदीच्या बाजूला, उन्हात पांढरा. मग टोला ऐकू आला. चेंडू सगळ्यांच्या पलीकडे, हिरव्या गवतावर पडला.

एवढी माणसं एकदम कण्हलेली मी आधी एकदाच ऐकली होती. खालचे लोक उभे राहून एलिसेओसाठी टाळ्या वाजवू लागले. तीही आमची रीत आहे. आमच्या स्टँडमधले मात्र सिरिलकडे वळले. कोणीतरी शेंगदाण्याची टरफलं मारली. मागच्या ओळीतली बाई म्हणाली, "सबोलांना मैदानात घेतातच कशाला? अख्खं खानदान पनवती." सिरिल मान खाली घालून बसला होता. टरफलं त्याच्या टोपीवर होती. ती त्याने झटकली नाहीत.

"हात थकला होता पोराचा," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "तेव्हाही थकलाच होता."

व्हर्नाने रुमाल खाली घेतला. कुकी तोंडात भिजून गेली होती, ती तिने कशीबशी गिळली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"मूर्ख आहेस," ती म्हणाली. "एवढा चांगला सामना घालवलास. पपांनी तुला घरात घेतलं नसतं."

"तुलाही नसतं घेतलं."

"मला घेतलं होतं. ते रागावलेच नव्हते. घरी गेल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, तर हसत सुटले. हे तुला सांगायचं राहून गेलं होतं, सिरिल. एवढंच सांगायचं होतं मला."

मैदानावर नवा पिचर आला होता. सावली पार दुसऱ्या बेसपर्यंत गेली होती. सिरिलने मांडीवरचा डबा उघडला, एक कुकी काढली आणि खाल्ली, सावकाश, शेवटच्या कणापर्यंत. मग सवयीने मान मागे वळवली.

"ऑगी, तिला सांग, अक्रोड..."

मी नदीकडे बघत राहिलो. बोट पुलाखालून पलीकडे निघाली होती. मी काही ऐकलंच नाही असं दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी एक निरोप पोचवला नाही.

मग सिरिल पुढे वळला आणि बहिणीला म्हणाला, "अक्रोड कमी पडलेत."

"पुढच्या खेपेला जास्त घालते," व्हर्ना म्हणाली, आणि टोपीवरची टरफलं काढायला तिने हात पुढे केला.